आरशातला पंजा

अताकामाच्या वाळवंटातल्या डोंगरावरच्या त्या मोठ्या दुर्बिणीचा आठ मीटरचा आरसा नोएलिया एकोणीस वर्षं धूत आली होती. त्याला उघड्या हाताने शिवायचं नाही, हा तिथला पहिला नियम.

तरी सोमवारी सकाळी आरशाच्या काठाजवळ पंजाचा ठसा दिसला. तिने तो धुतला. मंगळवारी तो पुन्हा तिथंच होता. बुधवारी कितीही धुतला तरी निघेना, तेव्हा तिला कळलं, की ठसा वरून नाही, मुलाम्याच्या खालून उमटतोय.

मुख्य अभियंता एवारिस्तो कागद घेऊनच आला, मागोमाग बाकीचे कर्मचारी. “हात तुझाच. चूक कबूल कर, सही कर आणि आजच डोंगर उतर.”

“माझा? मग मापूनच घ्या की, एवारिस्तोसाहेब!”

तिने हातमोजा भिरकावला आणि सगळ्यांदेखत ठशावर पंजा टेकवला. खालची बोटं तिच्या बोटांपेक्षा चांगली पेरभर लांब होती.

“पटलं?”

“पटलं, बाई. आता हात उचल.” तो एक पाऊल मागे सरला.

नोएलियाने त्याच्या नजरेला नजर दिली.

“मी कधीची उचलतेय. आता त्याला सांगा, सोड म्हणून.”