सिंह दिसला की उठवा

"आजोबा, चाकापाशीच उरका की! झुडपापर्यंत कशाला चाललात?" ड्रायव्हर लेकिशोन गाडीच्या खिडकीतून ओरडला.

म्हातारा वाचिरा थांबला नाही. एक तर त्याला कमी ऐकू यायचं, आणि जे यायचं त्यातलं तो सोयीचं तेवढंच घ्यायचा. झुडपाआडून तो सावकाश परत आला, हिरवी लोकरी टोपी सरळ करत.

"चाकापाशी कुत्री उभी राहतात," तो म्हणाला.

"इथे सिंह असतात, आजोबा."

"कालपासून तेच सांगतोयस. एक दाखव तरी. गोरे लोक विमानातून येऊन बघून जातात, आणि मी या देशात जन्म घालवला तर मला शेपूटही दिसलं नाही."

गाडीच्या मागच्या दाराची कडी कधीच गेली होती. लेकिशोनने दार दोरीने बांधलं होतं. सकाळपासून इतक्यांदा उतरून म्हाताऱ्याला ती गाठ पाठ झाली होती. थर्मासमधला चहा तोच संपवत होता.

गाथोगो, त्याचा मुलगा, छपराच्या झडपेतून अर्धा बाहेर उभा होता. न्येरी गावात त्याचा स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, मयती. अर्ध्या गावाच्या भिंतींवर त्याचं काम टांगलेलं होतं आणि त्याचं नाव एकाही भिंतीवर नव्हतं. आता नैरोबीच्या एका सहल कंपनीने कॅलेंडरच्या मुखपृष्ठासाठी सिंहाचा फोटो मागितला होता. आवडला तर वर्षभराचं काम मिळणार होतं. घामेजलेल्या नवरदेवांना "जरा हसा" म्हणण्यातून कायमची सुटका. पण फोटो उद्या पोचायला हवा होता, आणि मारा अभयारण्यातला हा त्याचा शेवटचा दिवस होता.

बापाला बरोबर आणण्यात त्याचा हिशेब होता. बाबांचं कोण किती करतं यावरून धाकटा भाऊ सारखा टोचून बोलायचा. या सहलीने तो वर्षभर तरी गप्प बसला असता.

म्हाताऱ्याचाही एक हिशेब होता, पण तो कोणी विचारला नाही. सकाळी राखीव वनाच्या फाटकाशी तो पाटीखाली जाऊन आपण होऊन उभा राहिला होता. टोपी सरळ, मान ताठ, हात अंगाला चिकटलेले.

"बाबा, आत्ता ऊन वाईट आहे. नंतर काढू," गाथोगो म्हणाला होता आणि लेन्सला झाकण लावलं होतं.

"सगळ्या गावाचे काढलेस," म्हातारा पुटपुटला होता. "माझा मयतीलाच काढशील."

आता तो मागच्या सीटवर आडवा झाला. लाल घोंगडी डोक्यापर्यंत ओढली. "सिंह दिसला की उठवा. नाहीतर गावात काय सांगू, हरणं बघून आलो?"

दुपार कलायला लागली. एका ओसाड टेकाडापाशी लेकिशोनने गाडी थांबवून इंजिन बंद केलं. उजवीकडे लांबवर गवत हललं होतं. दोघंही तिकडे डोळे लावून बसले. बराच वेळ काही दिसेना.

गाडी किंचित डुलली.

"हलू नकोस रे," गाथोगो कुजबुजला.

"मी कुठे हललो, बॉस? आजोबांनी कूस बदलली असेल."

मग गवतातून ती निघाली. भरदार सिंहीण, सरळ गाडीकडे.

"आजोबांना उठवू?" लेकिशोनने विचारलं.

"नको. ऐकू येत नाही त्यांना, 'कुठाय, कुठाय' करून जंगल गोळा करतील. आधी फोटो होऊ दे."

सिंहीण गाडीच्या मागच्या चाकापाशी आली आणि गाडीच्याच सावलीत दबून बसली. गाथोगो झडपेतच मागे वळला. लेन्सच्या चौकटीत आता तिच्याशिवाय काहीच मावत नव्हतं. तिने एकदा वर पाहिलं. पिवळे डोळे थेट लेन्समध्ये. बटण आपोआप दाबलं गेलं. मुखपृष्ठ झालं होतं.

पण ती उठेना. पोट जमिनीला लावून ती डावीकडच्या झुडपावर नजर रोखून राहिली.

"आपली गाडी आडोशाला घेतलीय तिने," लेकिशोन स्टिअरिंगवर वाकून आरशात बघत पुटपुटला. "हल्ली शिकल्यात. पलीकडे काहीतरी आहे. मला इथून तिची शेपटीच दिसतेय. आवाज नको आता. शिकार बिचकली तर गेलंच सगळं."

"काय असेल?"

"रानडुक्कर. त्या झुडपांत फार झालीत."

गाथोगोने श्वास रोखला. डावा डोळा मिटलेला, उजव्यात फक्त तिचे खांदे. ते ताणले गेले, गवत फाटलं. तो बटण दाबतच राहिला, तिच्यामागोमाग कॅमेरा फिरवत, ती झुडपामागच्या उंच गवतात दिसेनाशी होईपर्यंत.

तिकडून एक आखूड, कोरडा आवाज आला. मग गवत नुसतं हलत राहिलं.

"फार लवकर संपलं," लेकिशोन म्हणाला. "रानडुक्कर मरताना खूप किंचाळतं."

"संपू दे! झेप मिळाली, लेकिशोन! अख्खी झेप!" गाथोगो हसत होता. "आता उठव बाबांना. म्हणावं, गावाला दाखवायला सिंहीण मिळाली."

लेकिशोन सीटवरून मागे वळला. "आजोबा! अहो आजोबा, उठा की!"

गाथोगो कॅमेऱ्याच्या पडद्यावर शेवटचा फोटो बघत होता. सिंहीण हवेत, चारी पाय जमिनीवेगळे. कडेला झुडूप, जरा धूसर. त्याने तो कोपरा मोठा केला.

झुडपाशेजारी बाबा उभे होते. टोपी सरळ, मान ताठ, हात अंगाला चिकटलेले, आणि नजर थेट कॅमेऱ्यात.