तेराचा पाढा

"घरात आणखी कोणी असं होतं का? लहानपणी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही," भुवड गुरुजी पटकन म्हणाले.

नऊ वर्षांची मनस्वी टेबलावरचा पेपरवेट गरगर फिरवत होती. तिच्या वर्गबाईंनी चिठ्ठी दिली, म्हणून गुरुजी नातीला आणि मुलीला, मालनला, घेऊन लांज्याहून रत्नागिरीला आले होते. फाईल त्यांनीच मांडीवर धरली होती. मालनकडे दिली असती, तर एस.टी.तच राहिली असती.

"ही आळशी नाही, हट्टी नाही," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "याला एडीएचडी म्हणतात. लक्ष एका जागी धरून ठेवणं तिच्या हातात नसतं. मारून, रागावून ते येत नाही. शिकवायची रीत बदलावी लागते."

"मी होते ना अशी!" मालन मध्येच हसत म्हणाली. "पाढे म्हणताना लक्ष कावळ्याकडे. मग बाबा मला अंगणातल्या चिऱ्यावर उभं करायचे. भर दुपारी, अनवाणी. पाढा पुरा होईपर्यंत."

बाईंचं पेन थांबलं. "मग?"

"मग काय? तेराचा कधी पुराच झाला नाही. सातवीत बाबांनी शाळेतून काढलं, काजूच्या कारखान्यात लागले. मी मठ्ठच होते हो. त्यांनी गावाची पोरं शिकवली, माझ्यापुढे ते तरी काय करणार?"

'तू मठ्ठ नव्हतीस', एवढंच गुरुजींना म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात मनस्वी दारातल्या मांजरामागे बाहेर पळाली, आणि तिच्यामागे मालन.

गुरुजी फाईल घेऊन बाहेर आले. पायरीशी तिघांच्याही चपला तशाच होत्या. समोर जांभ्या चिऱ्यांचं अंगण उन्हाने तापलं होतं आणि मायलेकी चटके खात, हसत, एकेका पायावर नाचत होत्या.

ते वाकले. दोघींच्या चपला हातात घेऊन अंगणात गेले आणि त्यांच्या पायांपुढे ठेवल्या.

"बाबा, तुमच्या वहाणा?" मालनला हसू आवरेना. "घ्या! मनू, बघ गो, आजोबापण विसरले. आपल्यातलेच निघाले!"

"तुम्ही व्हा पुढे. रिक्षा बघा," गुरुजी म्हणाले.

दोघी फाटकाबाहेर गेल्या, तरी ते चिऱ्यावरून हलले नाहीत. ओठ तेवढे हलत होते.

तेर एके तेर. तेर दुणे सव्वीस.