जांभळं

तोरणा धावत चढणारी पंधरा वर्षांची सुलक्षणा हिमालयातल्या शिबिरात होती. चौदा हजार फुटांवरून तिनं व्हिडिओ कॉल केला. बाप विंझरच्या माळावर शेळ्या चारत होता. लेकीचे ओठ पाहून हसला. “सुले, तितं जांभळं मिळत्यात व्हय?” “आबा... हितं झाडच न्हाई... सर्दी झालीया नुसती.” एवढं बोलताना ती तीनदा थांबली. बापाचं हसू विरलं. “मोबाईल सरांकडं दे.” शिबिराचे सर पडद्यावर आले. “सर, धाप लागलेली शेळी आमी आदी खाली उतरवतो, मग दुखणं बघतो. पोरीला खाली न्या.” “आबा, उद्या शिखर...” “डोंगर काय पळत न्हाई.” उंचीमुळं फुफ्फुसांत पाणी भरलेलं, वेळेत उतरवली म्हणून वाचली. घरी आल्यावर तिनं ओंजळभर जांभळं खाल्ली. बापानं खांद्यावरच्या टॉवेलनं तिचे ओठ पुसले. टॉवेलला रंग लागला, तेव्हा कुठं त्यानंही एक जांभूळ तोंडात टाकलं.