भोंगा झाल्यावर

“रजा नाही,” उद्धवराव म्हणाले आणि अर्ज परत सरकवला. “शनिवारी बॉयलरपाशी मी बसू का?”

“अर्धा तास आधी सोडा, साहेब. बँकेची परीक्षा पुण्यात, तीनला. पिंपरीहून गाडी दोनला पाच कमी असताना. त्यानंतरची थेट चारला.”

“आणि आपली सुट्टी दोनच्या भोंग्याला. गणित संपलं.”

ज्योतीराम हा रंगाच्या कारखान्यातला बॉयलरवाला. सकाळी सहाचा भोंगा तोच वाजवी, दुपारी दोनचाही तोच. मॅट्रिक झालेला. बँकेला पंचविशीच्या पुढचा उमेदवार चालत नसे आणि येत्या चैत्रात ज्योतीरामची पंचविशी उलटणार होती. म्हणजे हा शनिवार गेला की जन्मभर कोळसा.

“कोळशाच्या हातांनी नोटा मोजणार? काळ्या होतील रे.”

“कोळसा धुतला की जातो, साहेब.”

उद्धवरावांना हे लागलं. माणूस रडला, पाया पडला असता तर त्यांनी कदाचित विचार केला असता. हा नुसता अर्जाच्या घड्या घालत उभा.

“भोंगा झाल्यावर तर सोडाल?” त्याने विचारलं.

“भोंगा झाल्यावर पुण्याला जा नाहीतर काशीला. त्याआधी गेटबाहेर पाऊल पडलं, तर पुन्हा आत टाकायचं नाही.”

“शब्द झाला,” ज्योतीराम म्हणाला आणि गेला.

परीक्षेला तेव्हा सहा आठवडे होते.

उद्धवराव टाइमकीपर. गेटवर हजेरीबुक घेऊन बसायचं आणि भोंग्यानंतर आलेल्याच्या नावापुढे लाल फुली मारायची, हा त्यांचा धर्म. कुणी मनगट दाखवून वाद घातला तर एकच उत्तर ठरलेलं: “घड्याळं सतरा, भोंगा एक.” ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ आणि स्वतःच्या हातातलं, दोन्ही ते रोज सकाळच्या भोंग्याला लावत. घर कारखान्याच्या मागच्याच आळीत, त्यामुळे स्टेशनचं तोंड त्यांनी दिवाळीपासून पाहिलं नव्हतं.

ज्योतीरामवर मात्र नजर होती. हा गडी बॉयलरच्या लोखंडी दारावर खडूने व्याजाची गणितं मांडायचा आणि बाहीने पुसायचा. रद्दीतले इंग्रजी पेपर मोठ्याने वाचायचा. त्याच्या इंग्रजीला वाफेची साथ असे. भिंतीवर एका कोपऱ्यात तो रोज एक आकडा वाढवत होता. एक, दोन, तीन, चार.

“परीक्षेचे दिवस मोजतोस होय?” उद्धवराव हसले. “अरे, उरलेले दिवस मोजणारा उतरता आकडा मांडतो. तुझा चढता. आणि म्हणे बँकेत जाणार!”

“शिकतोय, साहेब,” ज्योतीराम म्हणाला. कोळसा ओढणारे दोघे तोंड फिरवून खोकले.

बाकी कारखाना असा सुतासारखा सरळ कधीच नव्हता. महिनाभर हजेरीबुकात एक लाल फुली नाही. कासारवाडीहून चालत येणारेसुद्धा भोंग्याआधी गेटवर हजर. आपल्या शिस्तीचं हे फळ, असं उद्धवरावांनी घरी कौसल्याबाईंना दोनदा सांगितलं. कौसल्याबाईंची तक्रार वेगळीच होती. दूधवाला सोनबा हल्ली उशिरा येई आणि साहेबांना कोरा चहा पिऊन निघावं लागे.

एकदा त्यांनी सोनबाला धरलाच. “काय रे, रोज पुढे पुढे ढकलतोस?”

“म्या म्हशीच्या टायमाला येतुया, साहेब. म्हस काय भोंगा ऐकत न्हाई.”

त्यात हातातलं घड्याळ बिघडलं. रोज एक मिनिट मागे पडायचं. उद्धवरावांनी ते सोनबाबरोबर स्टेशनसमोरच्या युसुफ घड्याळजीकडे पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते परत आलं.

“युसुफभाई म्हनला, घड्याळ झ्याक हाय. दोस न्हाई.”

“दोष नाही? सतरा मिनिटं मागे करून पाठवलंय, गाढवाने!”

त्यांनी काटे भोंग्याला लावले आणि युसुफला कधीतरी स्वतः जाऊन झापायचं ठरवलं.

शनिवार उजाडला. दोनचा भोंगा झाला. त्याचा आवाज विरायच्या आत ज्योतीराम ऑफिसात उभा. हात स्वच्छ, सदरा पांढरा, खिशाला टाक.

“भोंगा झाला ना, साहेब?”

“झाला.”

“मग हजेरीबुकात तसं लिहा.”

उद्धवरावांनी ठसठशीत लिहिलं: ज्योतीराम, दोन वाजता सुटला. खाली सही ठोकली. “जा आता काशीला!”

ज्योतीराम गेला. धावला नाही. रमतगमत गेला, हे उद्धवरावांना खटकलं. मग वाटलं, धावून करणार काय? गाडी गेलेली. हरलेला उमेदवार रिकाम्या फलाटावर कसा दिसतो ते बघावं आणि जाता जाता युसुफलाही झापावं, असा बेत करून त्यांनी टोपी चढवली.

फलाटावर ज्योतीराम बाकावर बसून चटणीभाकरी खात होता.

“काय बँकवाले! गेली ना गाडी?”

“बसा, साहेब. येतेय.”

“चारला?”

ज्योतीरामने शेवटचा घास तोंडात टाकला. उद्धवरावांनी मनगट पाहिलं. दोन पंचवीस. मग मान वर करून स्टेशनचं घड्याळ पाहिलं. दोनला दहा कमी.

“हे बंद पडलंय,” ते म्हणाले.

मोठा काटा एक घर पुढे सरकला. पलीकडे सिग्नलचा हात खाली पडला.

ज्योतीरामने फडक्याला हात पुसले, खिशातून खडूचा तुकडा काढला आणि साहेबांच्या तळहातावर ठेवला.

“भोंग्याचं रोज एक मिनिट, पस्तीस झाली, साहेब. सोमवारपासून उतरते आकडे मांडा.”