कानामागची जागा

लिओननं कुत्रीला स्वतःच्या शर्टात गुंडाळून झुडपातून बाहेर आणलं, तेव्हा तिच्यात जीव उरला नव्हता. डुकराच्या सुळ्यानं पोट पार फाडलं होतं. त्यानं तिला गाडीच्या मागच्या फळीवर ठेवलं आणि भावाकडे पाठ करून तो तसाच उघडाबंब उभा राहिला.

आल्विन पाच पावलांवर होता. पहिली गोळी त्याची होती. मक्याच्या बांधावर डुक्कर साठ पावलांवर उभं होतं, सूर्य पाठीमागून वर आलेला, झुळूकही नव्हती. गोळी लागली, डुक्कर किंचाळलं आणि काटेरी झुडपात घुसलं. कुत्री, रोझी, त्याच्यामागे गेली. तिच्यामागे लिओन. मग आतून त्याच्या मोठ्या रायफलीचा एकच बार ऐकू आला.

"आत जाऊन बघतो," आल्विन म्हणाला.

"बघायचं काय राहिलंय आता?" लिओननं मागं वळूनही पाहिलं नाही.

झुडपात शंभर किलोचं धूड आडवं पडलं होतं. मानेत लिओनची गोळी. आल्विननं गुडघे टेकले आणि अंगावरून हात फिरवत आपली जखम शोधली. ती पार मागे, पुठ्ठ्यावर होती. नेम धरला होता त्या कानापासून हातभराहून जास्त लांब. मग त्यानं डुकराचे चारी पाय धरले, एकाहत्तराव्या वर्षी अंगात होता नव्हता तेवढा जोर लावला आणि ते धूड दुसऱ्या कुशीवर उलथवलं. पुठ्ठ्यावरची जखम मातीत गेली.

तो बाहेर आला तेव्हा लिओनला वाचा फुटली होती.

"चाळीस वर्षं सांगतोय मी तुला! म्हाताऱ्या डुकराच्या खांद्यावर ढालीसारखं कातडं असतं, त्यावर चिखलाचा थर. तुझी ती टू-टू-थ्रीची बारीक गोळी सशांना मारायला ठीक आहे. डुकराला माझ्यासारखी मोठी थ्री-ओ-एट रायफलच पाहिजे! पण नाही. आमचे साहेब नेमबाज!"

यावर आल्विनचं उत्तर ठरलेलं असे. ब्राझोस नदीच्या काठावर ते सगळ्यांना पाठ होतं. चर्चच्या जेवणात, पेंडीच्या दुकानात, कुणी विषय काढला की तो कानामागं बोट टेकवून म्हणायचा, बंदूक मोठी लागत नाही, जागा नेमकी लागते. आणि ते खरंही करून दाखवायचा. त्या बारीक गोळीनं त्यानं किती डुकरं जागच्या जागी बसवली होती, त्याला गणती नव्हती.

आज तो म्हणाला, "तुझं बरोबर होतं. बंदूकच लहान पडली."

चाळीस वर्षांचा वाद जिंकल्यावर माणसाचा चेहरा कसा दिसतो, ते आल्विनला बघायचं नव्हतं. पण लिओन जिंकल्यासारखा बोललाच नाही. त्यानं भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे. मीच कधी तुला धड रायफल घेऊन दिली नाही. नुसता तोंडानं भांडत राहिलो."

त्या हातापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

रोझीला त्यांनी पेकन झाडाखाली पुरलं. खड्डा दोघांनी मिळून खणला. दुपारी लिओनची बायको बर्नाडेट हिनं सॉसेज आणि बटाटे वाढले. आल्विन बटाटे नुसते ताटात इकडून तिकडे सरकवत होता.

"खा रे आल्विन," ती म्हणाली. "कुत्री परत मिळते. माणसं नाही मिळत."

जेवण झाल्यावर लिओन आतल्या खोलीत गेला आणि आपली थ्री-ओ-एट घेऊन आला. ती त्यानं भावाच्या हातात दिली.

"आजपासून ही तुझी. उद्या मका कापायला काढतोय. यंत्रावर बर्नाडेट बसेल. पीक कमी होत जाईल तशी आतली डुकरं वरच्या बांधानं पळतील, तिथं तू उभा राहा. नेम तुझा आणि गोळी माझी! बघू कुठलं सुटतंय ते."

"आणि माझ्या यंत्राला भोक पाडू नकोस हं," बर्नाडेट हसत कॉफी ओतू लागली.

रायफल जड होती. आल्विननं ती मांडीवर घेतली. हो म्हणायला एक शब्द पुरला असता. त्यानं मान वर केली आणि टेबलापलीकडे, सरळ बर्नाडेटच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"काय रे?" ती म्हणाली. "असा काय बघतोस?"

त्यानं रायफल टेबलावर ठेवली आणि हळूच लिओनच्या दिशेनं सरकवली.

"मी त्या डुकराला उलटं केलं, लिओन. तू बाहेर गेल्यावर. माझी गोळी पुठ्ठ्यावर लागली होती. तुला दिसू नये म्हणून केलं."

"पुठ्ठ्यावर?" लिओनला उमजेना. "साठ पावलांवरून? तू?"

"रोझी बंदुकीपायी गेली नाही. फेब्रुवारीतच डॉक्टरनं सांगितलं होतं मला, नेम धरू नकोस म्हणून. मी कुणाला बोललो नाही."

बर्नाडेटनं कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

"का? झालंय काय तुला?"

"कडेकडेचं सगळं दिसतं मला," आल्विन म्हणाला. "पण जिथं बघतो, नेमकं तेवढंच दिसत नाही."