गप्पा न मारायचा गट

दर आठवड्याला कोणी गप्पा मारायला गेलं, तर म्हाताऱ्या माणसांचा एकटेपणा कमी होतो का, हे तपासायचा सरांचा प्रयोग होता आणि त्यांची एक विद्यार्थिनी त्यात मदत करत होती. गट पाडायला चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा जिन्याशेजारच्या खोलीतले आजोबा नेमके गप्पा न मारायच्या गटात आले. त्यांच्याकडे तिनं दर सोमवारी जायचं, दारातूनच "एकटं वाटतं का?" एवढं विचारायचं आणि उत्तर घेऊन मागं फिरायचं. पाणीसुद्धा घ्यायचं नाही.

तिनं नियम तंतोतंत पाळला. तरी आजोबांचं उत्तर "फार वाटतं"वरून "थोडंसं"वर आणि मग "नाही गं"वर आलं. "तू तिथं बसून चकाट्या पिटतेस," म्हणत सरांनी तिलाच धारेवर धरलं आणि खात्री करायला स्वतः तिच्याबरोबर गेले.

"ही कुठली बोलतेय? तोंडाला कुलूप लावून येते," आजोबा म्हणाले. "पण ती येणार म्हणून मी सकाळीच दाढी करतो. दुसरी खुर्ची पुसून ठेवतो."

जिना उतरताना सर म्हणाले, "यांच्यामुळे सगळा निकाल बिघडेल. यांना वगळ. आता इथं यायचं नाही."

"हो सर," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

पुढच्या सोमवारी आजोबांचाच फोन आला.



"पोरी, माझं उत्तर चुकलं का? तुला हवं ते सांगतो, पण विचारायला ये."