आंटी डुफींचा गोतावळा

अम्पोफो साहेबांना एक दुपार वाचवायची होती. त्यांच्या कुमासीतल्या ऑनलाइन कापडदुकानात ग्राहकाची अख्खी मागणी वेबपत्त्यातच लिहिली जायची.

"पत्ता फार लांबला तर सर्व्हर नाकारेल. दुपारभरात बदलते," दुकानाची वेबसाइट सांभाळणारी अफ्राकोमा म्हणाली.

"राहू दे गं. एवढं घेणार कोण?" साहेब म्हणाले.

आंटी डुफींनी घेतलं. सासूच्या अंत्यविधीसाठी साऱ्या गोतावळ्याला एकाच छापाचं कापड, प्रत्येकाच्या नावानिशी. सर्व्हरने नाकारलं.

"आंटी, थोडी माणसं गाळा ना!" साहेब म्हणाले.

"गाळते की. त्यांची समजूत काढायला तू येशील?"

साहेबांनी अफ्राकोमाला हाक मारली. अफ्राकोमाने नावं पत्त्यातून काढून मागणीच्या पोटात घातली, तिथे लांबीची अडचण नव्हती. मागणी झटक्यात गेली!

"अजून मावतील, पोरी?"

"हवी तेवढी, आंटी."

"मग साहेबाचंही नाव घाल. समजूत काढायला यायचंय त्याला."

कापडाचे पैसे ज्याचे त्याने भरले. साहेबांनीही.